उत्तरेची भिंत

गोर, न्यूझीलंड
१९ एप्रिल १९५३

प्रिय सायलस,

तुझं पत्र काल मिळालं. साडेतीन पानं मेंढ्यांवर आणि शेवटी दोन ओळी बाबांवर! म्हणे, ‘बाबा हिवाळाभर खोकत होते, डॉक्टर म्हणाले ओल बाधली, आता बरे आहेत.’ अरे गाढवा, एक्याऐंशी वर्षांचा माणूस चार महिने खोकतो आणि तू ते मेंढ्यांच्या शेपटीला बांधून पाठवतोस?

अजून त्याच उत्तरेच्या खोलीत झोपतात ना? मला ती खोली सांगू नकोस. मी अकरा वर्षं तिथं झोपले, त्यातली आठ मेबलच्या कुशीला. तू पाळण्यातून नुकता उतरला होतास, तुला काही आठवणार नाही. पलंगाच्या कडेच्या भिंतीवर आम्ही दोघी बहिणी बोटांनी आमची नावं लिहायचो, आणि सकाळपर्यंत त्यांचे ओघळ झालेले असायचे. खिडकी पावाच्या साच्याएवढी, आणि तिच्यातही मधोमध दगडी खांब. मेबल गेली तेव्हा भर दुपारचे बारा वाजले होते. आईनं तिचा चेहरा बघायला मेणबत्ती मागितली. बारा वाजता, सायलस.

कॉलिनला मी सगळं सांगितलं. लग्नाला सहा वर्षं झाली, पण त्याचं अजून आमच्या घराच्या भिंती सव्वादोन फूट जाड आहेत यावर विश्वास बसत नाही. इथं सगळी लाकडाची घरं, आणि तो ती बांधतो. तो म्हणतो, एवढ्या जाड दगडात खिडकी रुंद करायला काय हरकत आहे? मधला खांब काढायचा, दोन्ही बाजूंनी दीड-दीड फूट वाढवायचं, वर काँक्रीटची तुळई टाकायची. आणि बाहेरून दगडांच्या सांध्यांतला सगळा जुना भुसभुशीत चुना उकरून त्या दर्जा, म्हणजे सांध्यांच्या फटी, सिमेंटनं भरायच्या, म्हणजे पाणी आत यायचं नावच नको. त्यानं काढलेलं चित्र सोबत आहे. मापंसुद्धा लिहिली आहेत.

तू हे कर. पुढच्या हिवाळ्याच्या आत कर.

हेट्टी


हाय रिग, स्वेलडेल
२१ जून १९५३

प्रिय हेट्टी,

चित्र मिळालं. कॉलिनचा हात छान आहे. थर्झानं ते कपाटाच्या दाराला लावलं. तुझ्या भावजयीला खिडकी फार आवडली. म्हणते, तिथं बसून शिवण करता येईल.

बाबांना मी जेवताना सांगितलं. त्यांनी चित्र हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, आणि म्हणाले, “कोण हा?”

“हेट्टीचा नवरा.”

“दगडाचं काम करतो?”

“लाकडाचं.”

“मग त्याला लाकडाचंच करू दे.”

तू त्यांना ओळखतेस. साठ वर्षं भिंती रचल्या त्यांनी, त्यांच्यापुढं मी काय बोलणार? मग बटाटे बाजूला सारून त्यांनी मला शाळेतल्या पोरासारखं शिकवायला घेतलं. म्हणाले, “ही भिंत एक नाही, दोन आहेत. बाहेरचा पदर वेगळा, आतला वेगळा. मध्ये तिचं पोट, त्यात गोटे, माती, चुना, जे हाताला लागलं ते. दोन पदरांना धरून ठेवतात ते आरपार दगड. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकेक. तुझ्या खिडकीच्या दोन्ही बाजूंना तेच आहेत. ते काढलेस की दोन पदर एकमेकांना ओळखणार नाहीत.”

मी म्हटलं, “आणि ओल?”

“ओल येणारच. तीनशे वर्षं येतेय. येते तशी जाते, त्या चुन्यातूनच जाते. तू येणं बंद करायला गेलास तर जाणंच बंद होईल.”

आणि मग खोकायला लागले, ते पाच मिनिटं खोकतच राहिले. थर्झानं माझ्याकडे बघितलं. मला काय करावं कळत नाही, हेट्टी. गवतकापणी तोंडावर आली आहे. नंतर बघू.

तुझा
सायलस


गोर
५ जुलै १९५३

सायलस,

‘नंतर बघू’ हेच तुझ्या थडग्यावर कोरायला हवं.

बाबा काय म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकतेय. ‘ओल येते तशी जाते.’ मेबल पण गेलीच की. त्यांनी घर बांधणाऱ्यांची बाजू घेतली, घरात राहणाऱ्यांची कधी घेतली नाही. मी त्यांच्यावर रागावून लिहीत नाही. त्यांना मेबलसारखं काळोखात जाऊ द्यायचं नाही, एवढंच म्हणतेय.

सप्टेंबरात त्यांना समुद्रावर अ‍ॅडाआत्याकडे पाठव. तिला मी वेगळं लिहिते, ती ‘नको’ म्हणणार नाही. तीन आठवडे हातात मिळाले तर तुझं काम होईल की नाही? झालेली खिडकी बघितली की काय बोलतील? एकदा उजेड आत आला की कुणी त्याला बाहेर काढत नाही.

हेट्टी


हाय रिग
११ ऑक्टोबर १९५३

प्रिय हेट्टी,

झालं.

बाबा समुद्रावर गेले त्याच दिवशी सुरुवात केली. शेजारच्या लो रिगचा जॉर्ज काल्व्हर्ट मदतीला होता. मधला खांब सहज निघाला. बाजूचे दोन आरपार दगड मात्र निघता निघेनात. एकेक सव्वादोन फुटांचा, दोन माणसांना उचलेना. ते ओढून काढले तेव्हा भिंतीच्या पोटातून घमेलंभर माती-गोटे भसाभसा आले. जॉर्ज म्हणाला, “हिच्यात कोंबडीची हाडंपण आहेत.” खरंच होती. कुणीतरी तीनशे वर्षांपूर्वी जेवून टाकलेली.

तुळई टाकली. बाहेरचा सगळा चुना उकरला. बोटानंसुद्धा निघत होता, त्यामुळे मला वाटलं तुम्ही म्हणता तेच बरोबर. दर्जा सिमेंटनं भरल्या. आता भिंत करकरीत दिसते, रस्त्यावरून ओळखू येते. आतून खोली तुला ओळखू येणार नाही. सकाळी दहापासून उजेड असतो. थर्झा नुसती जाऊन उभी राहते.

बाबा परवा परत आले. जॉर्जच्या गाडीतून उतरले आणि अंगणात थबकले. मी त्यांच्या बोलण्याची वाट बघत होतो. त्यांनी टोपी काढली आणि हातात धरून उभे राहिले, अंत्ययात्रा जाताना राहतात तसे. मग आत जाऊन चहा मागितला.

इस्टेटीच्या कारभाऱ्याला मी विचारलेलं नाही. घर इस्टेटीचं आहे, आपण कुळं, हे खरं, पण खर्च माझा, त्यांना काय त्रास?

तुझा
सायलस


गोर
६ डिसेंबर १९५३

प्रिय सायलस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. आईला मेणबत्ती मागताना बघितलं तेव्हापासून मनात होतं ते तू केलंस. मी तुला आयुष्यभर आळशी म्हणत आले, ते सगळं परत घेते.

बाबा काय म्हणाले? टोपी काढली, ठीक आहे, पण बोलले काय? त्यांना म्हणावं, पोरीवर राग असेल तर पत्रातून शिव्या द्या, पण लिहा. आणि कुणाकडून तरी त्या खिडकीचा फोटो काढून पाठव. कॉलिनला बघायचाय. तो मित्रांना सांगत सुटलाय की त्यानं तीनशे वर्षांच्या घराला डोळे दिले.

नाताळच्या शुभेच्छा. थर्झाला माझा मुका.

हेट्टी


हाय रिग
७ मार्च १९५४

प्रिय हेट्टी,

उत्तराला उशीर झाला. हिवाळा वाईट होता. पावसात भिजायचं आणि रात्रीत गोठायचं, असं सहा आठवडे. अकरा मेंढ्या गेल्या.

इकडे सगळं ठीक. उत्तरेच्या खोलीतला भिंतीचा कागद जरा सुटलाय. थर्झा म्हणते ओल पहिल्यापेक्षा जास्त आहे, पण नवं सिमेंट वाळायला वेळ लागत असेल. खिडकी हल्ली घट्ट बसते, उघडायला खांदा लावावा लागतो. एक काच तडकली. पक्षी आपटला असेल.

फोटो राहिला. हवा चांगली नव्हती.

बाबा त्या खोलीत झोपत नाहीत. स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपतात, शेगडीपाशी. खोकला कमी आहे. पण हेट्टी, त्यांचं डोकं आता ठिकाणावर नाही असं वाटतं. वळचणीपासून त्यांनी उत्तरेच्या भिंतीवर ओळंबा सोडलाय. दोरीला दगड. रोज सकाळी जाऊन दोरी आणि भिंत यांच्यामध्ये बोटं घालून मोजतात. आधी वर तीन बोटं बसत होती, आता एकच बसतं, असं जेवताना सांगतात. मी म्हणतो, वाऱ्यानं दोरी हलते. आता तर अंगणात दगड गोळा करायला लागलेत, भिंतीला टेकू रचणार म्हणे. या वयात! जॉर्ज हसतो. चॅपलमधले लोक विचारतात, तुझा बाप काय बांधतोय? मला तोंड दाखवायला लाज वाटते. परवा मी त्यांच्यावर ओरडलो. नको होतं ओरडायला.

तुझा
सायलस


गोर
१७ मार्च १९५४

सायलस,

पत्र आत्ता आलं, आत्ताच लिहितेय. मी ते जेवताना कॉलिनला मोठ्यानं वाचून दाखवलं. काच तडकली तिथं आले आणि त्यानं काटा खाली ठेवला. म्हणाला, “परत वाच.” मी परत वाचलं. मग त्यानं विचारलं, “त्या भिंतीच्या आत काय आहे?” मी म्हटलं, तुला तेव्हाच सांगितलं होतं, दोन पदर आणि मध्ये माती. तो म्हणाला, “नाही सांगितलंस. तू म्हणालीस सव्वादोन फूट दगड. मी सबंध दगड धरून चाललो.”

मी तुझं जूनचं पत्र त्याला वाचून दाखवलं नव्हतं. मला वाटलं, बाबांची नेहमीची बडबड.

तो म्हणतो, खिडकी घट्ट होते म्हणजे भिंत हलतेय. आतलं पाणी सिमेंटमुळे बाहेर पडत नाही, ते गोठलं की फुगतं. बाबांचं डोकं ठिकाणावर आहे, सायलस. त्यांना टेकू रचू दे, नव्हे, तू त्यांना हात दे. आजच लाकडाचे धिरे लाव. त्या खोलीत कुणालाही जाऊ देऊ नकोस. थर्झाला सांग. ‘नंतर बघू’ म्हणू नकोस, तुझ्या पाया पडते.

मिळालं की दोन ओळी लिही.

हेट्टी


हाय रिग
२५ एप्रिल १९५४

प्रिय हेट्टी,

वाईट बातमी आहे. बाबा ९ तारखेला गेले. छातीचंच दुखणं होतं. फार त्रास झाला नाही. दुपारी पडले होते, झोपेतच गेले. उत्तरेच्या खोलीत होते. तोंडावर उजेड होता. चॅपलमागे आई आणि मेबलच्या शेजारी ठेवलं. सगळी दरी आली होती.

तार करायला हवी होती, पण तुला लांबून नुसती तार वाचावी लागेल म्हणून केली नाही.

अक्षर बघून हसू नकोस. उजव्या हाताला थोडं लागलंय, मेंढ्यांच्या गडबडीत. डाव्यानं लिहितोय.

सायलस


गोर
६ मे १९५४

माझ्या लाडक्या सायलस,

दोन दिवस नुसती बसून होते. आज लिहिता येतंय.

तू लिहिलंस ना, तोंडावर उजेड होता, ते एक वाक्य मी उशाखाली घेऊन झोपते. शेवटी त्या खोलीत गेले म्हणजे त्यांचा राग गेला असणार. मेबलला मिळालं नाही ते त्यांना मिळालं, आणि ते आपण दोघांनी दिलं. कॉलिनला मी म्हटलं, बघ, तुझ्या एका चित्रानं काय केलं.

माझं मार्चचं घाबरट पत्र तुला नेमकं त्या दुःखात मिळालं असेल. फाडून टाक. भिंतीकडे मात्र लक्ष ठेव. आणि हाताला काय लागलं ते नीट लिही. ‘थोडं लागलं’ म्हणणारा माणूस डाव्या हातानं लिहीत नाही.

तुझी
हेट्टी


हाय रिग
२२ ऑगस्ट १९५४

प्रिय हेस्टर,

तुमची-माझी कधी भेट झाली नाही, म्हणून सायलससारखं हेट्टी न म्हणता पूर्ण नाव लिहितेय. मला पत्र लिहायची सवय नाही, चुका होतील. सायलसला न सांगता लिहितेय. त्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमच्या मेच्या पत्राचं उत्तर त्यानं दिलं नाही, कारण त्याला ते देता येईना. गेल्या आठवड्यात त्याचा जाड कोट धुवायला काढला. आतल्या खिशात तुमचं मार्चचं पत्र सापडलं. फोडलेल्या पाकिटावर पोस्टमननं पेन्सिलीनं तारीख टाकली होती, ३० मार्च. मंगळवार. म्हणजे दहा दिवस ते त्याच्या खिशात होतं. मला त्यानं सांगितलं नव्हतं.

बाबा झोपेत गेले नाहीत.

चार दिवस पाऊस लागला होता, त्या शुक्रवारी उघडलं. सायलस डोंगरावर मेंढ्यांकडे होता. एक अडली होती. दुपारचं जेवण आटपून मी वर खिडकीत चादरीला शिवण घालत बसले. उजेड छान होता. बाबा खाली अंगणात त्यांचा टेकू रचत होते. गुडघ्याएवढा झाला होता. दगडावर दगड ठेवल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

जिना चढून ते कसे आले मला माहीत नाही. एरवी तिसऱ्या पायरीला बसायचे. दारात उभे राहून म्हणाले, “थर्झा, ऊठ.”

मी म्हटलं, “एवढी कड संपवते.”

मी तसं म्हटलं, हेस्टर. ते वाक्य रोज उठल्याबरोबर मला ऐकू येतं.

ते म्हणाले, “भिंत बोलतेय, पोरी. पोटातली माती खाली चाललीय.” आणि आत आले. माझा दंड धरला. त्या हातांनी साठ वर्षं दगड उचलले होते, मला नंतर तीन आठवडे त्याचा वळ होता. खुर्चीसकट ओढलं आणि दाराबाहेर ढकललं. मी चार पायऱ्या गडगडले. मोठा आवाज झाला नाही. खडीची गाडी ओततात तसा आला, आणि चालूच राहिला. बाहेरचा पदर अंगणात गेला, तुळई गेली, तिच्याबरोबर खोलीची जमीन सरकली. ते जमिनीबरोबर गेले. आतला पदर थोडा वेळ उभा होता. मग तोही गेला.

सायलस तोवर उतरून ओढ्यापाशी आला होता, त्यानं तिथून बघितलं. तो आणि जॉर्ज हातांनी दगड उपसत होते. तुळई घसरली त्यात उजव्या हाताची दोन बोटं गेली. त्याला ते कळलंच नाही, तो उपसतच राहिला. बाबा सापडले तेव्हा तोंडावर उजेड अजून होता. तेवढं त्यानं तुम्हाला खरं लिहिलंय.

अपघाती मृत्यू म्हणून कोरोनरसमोर सरकारी चौकशी झाली. सायलसला विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, घर तीनशे वर्षांचं, हिवाळा वाईट. खिडकीचं कुणी विचारलं नाही आणि यानं सांगितलं नाही. जॉर्जही गप्प बसला. मी पण बसले. नवरा आहे माझा, आणि त्याच्या हाताला फडकं बांधलेलं होतं.

मी गप्पच राहिले असते. पण कारभारी आता म्हणतो, इस्टेटीवरच्या सगळ्या जुन्या घरांचा चुना मेलाय, हाय रिगसारखं परत व्हायला नको, म्हणून सगळ्यांच्या दर्जा सिमेंटनं भरून घ्या. सोमवारपासून जॉर्जच्या घरी माणसं लागलीत. तिकडे दोन लहान मुली आहेत आणि त्याची म्हातारी आई. सायलस आमच्या अंगणातून रोज ते बघतो. जेवत नाही.

दुसरं असं की, लोक म्हणतात झोपेत गेले तर सुखानं गेले. तुम्हाला तसं वाटत असेल तर मला माफ करा. पण मी आज आहे ती ते जिना चढून आले म्हणून आहे. ते तुम्हाला माहीत नसावं हे मला सहन होत नव्हतं.

थर्झा किअर्टन


गोर
३ सप्टेंबर १९५४

सायलस,

थर्झानं मला सगळं लिहिलंय. तिच्यावर एक शब्द जरी रागावलास तर माझ्याशी गाठ आहे.

तू माझ्याशी खोटं बोललास ते का, हे मला कळतं. मी ते उशाखाली घेऊन झोपले, म्हणजे तुझं काम झालं होतं. पण चौकशीत कुणासाठी बोललास? बाबा तर मेले होते.

मी काय केलं ते मला कुणी सांगायला नको. त्यांना घराबाहेर पाठवायची युक्ती माझी. तुझं जूनचं पत्र कॉलिनला वाचून न दाखवणारी मी. बाबांनी त्यात सगळं सांगितलं होतं, जेवणाच्या टेबलावर, बटाटे बाजूला सारून, आणि मी ते दुमडून ठेवलं. हे माझं आहे, मी ते तुला देणार नाही. तुझं तेवढं तुझ्याकडे ठेव. तुझे ते दहा दिवस.

पण काल्व्हर्टच्या मुलींचं काय, सायलस? त्यांची खोली कुठल्या भिंतीला आहे?

कॉलिननं कारभाऱ्याच्या नावानं पत्र लिहिलंय, ते सोबत आहे. त्यात भिंतीचं चित्र आहे, आतून कशी असते त्याचं. खाली त्यानं लिहिलंय की आधीचं चित्र त्यानंच काढलं होतं, बारा हजार मैलांवरून, भिंत न बघता. चार दिवस लागले त्याला ते लिहायला. नुसतं पोस्टानं टाकू नकोस. हातात घेऊन जा, आणि तुझ्या तोंडानं सांग. हे पत्र वाचून झालं की कोट घाल.

हेस्टर


हाय रिग
१० ऑक्टोबर १९५४

प्रिय हेट्टी,

पत्र मिळालं त्याच दिवशी गेलो.

कारभाऱ्यानं कॉलिनचं पत्र वाचलं, दार लावून घेतलं आणि म्हणाला, “किअर्टन, चौकशी संपली आहे. तुला कुणी काही विचारत नाहीये.” मी म्हटलं, “म्हणूनच सांगतोय.” मग त्यानं सगळं लिहून घेतलं. खिडकी, दोन आरपार दगड, सिमेंट, न विचारता केलेलं काम, बाबांनी नको म्हटलेलं. मी खाली सही केली. कोरोनरलाही पाठवलंय. त्याचं काय होईल माहीत नाही. घर सोडायची नोटीस मात्र आली. मार्चपर्यंत निघायचं. उत्तरेच्या टोकाला ताडपत्री आहे, ते टोक परत बांधायचं नाही असं इस्टेटीनं ठरवलंय. थर्झाच्या भावाकडे जाऊ. मेंढ्या विकाव्या लागतील.

सिमेंटचं काम सगळीकडे थांबवलं. पण जॉर्जच्या तीन भिंती भरून झाल्या होत्या. मी त्याला सांगायला गेलो तर त्यानं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, “मी तुझ्यासाठी चौकशीत तोंड मिटलं, आणि तू महिनाभर माझ्या मुलींना या भिंतींच्या मागं झोपू दिलंस?” फाटकाकडे बोट करून म्हणाला, “माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस.” तिसऱ्या दिवशी स्वतःच आला. टोपी हातात घेऊन फाटकाशी उभा. “कसं काढायचं ते सांग,” म्हणाला.

सांगून होत नाही, काढूनच दाखवावं लागतं. बोटबोटभर छिन्नीनं. जोरात मारलं तर दगडाची कड जाते. तीन बोटांत छिन्नी नीट बसत नाही, दिवसाकाठी हातभर भिंत होते. मागून जॉर्ज चुना भरत येतो. चुना कसा मळायचा ते आम्हाला दोघांनाही येत नव्हतं. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमला. जॉर्जची बायको माझ्याशी बोलत नाही. मुलींना घेऊन ती माहेरी गेली आहे, भिंती होईपर्यंत.

त्याची आई मात्र गेली नाही. ब्याऐंशीची आहे. दारात खुर्ची टाकून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन दिवसभर माझं काम बघत बसते. काल पहिल्यांदा बोलली.

“सायलस किअर्टन, तुझ्या बापानं तुला नको म्हणून सांगितलं होतं. खरं का?”

“हो.”

“आणि तू ते गेल्यावर केलंस. ते समुद्रावर असताना.”

“हो.”

“पत्र आलं होतं तरी दहा दिवस बसलास.”

“हो.”

मी छिन्नी खाली ठेवली. वाटलं, आता काय बोलायचं ते बोलेल. तिनं काठी उचलून भिंतीकडे दाखवली.

“त्या पन्हळीच्या नळाच्या मागं सिमेंट राहिलंय. तिथलंही काढ.”

मी काढलं.

सायलस